उन्हाळी

आजीला उन्हाळी लागली की ती पहिल्यांदा मला सांगायची. आईला नाही, बाबांना तर नाहीच. मी ओसरीत लॅपटॉप घेऊन बसलेली असायचे, कानात हेडफोन, पुण्याच्या ऑफिसची मीटिंग चालू. ती दारात येऊन उभी राहायची, ‘काढ ते कानातलं’ अशी खूण करायची आणि मग अगदी हळू आवाजात म्हणायची, “उन्हाळी लागलीय गं. नुसता जाळ व्हायलाय.”

ज्यांच्या घरात हा शब्द आता उरला नसेल त्यांच्यासाठी सांगते. उन्हाळी म्हणजे लघवीला जळजळ. थोडी थोडी होते, पुन्हा पुन्हा जावं लागतं, आणि जाऊन आलं तरी झाल्यासारखं वाटत नाही. अंगात ऊन चढलं म्हणून असं होतं, हा जुना समज. त्यामुळे उपायही सगळे थंडाव्याचे. धन्या-जिऱ्याचं पाणी, सब्जा, माठात वाळ्याची जुडी. मी लहान असताना आजी हे सगळं मला करून द्यायची. मोठी झाल्यावर मी तिला गोळ्या आणून द्यायला लागले.

आमचं घर गुलमंडीच्या मागच्या बोळात. जुनं, मधे फरशीचा चौक, आणि संडास-बाथरूम चौकापलीकडे, दोन पायऱ्या उतरून. आजी तेव्हा 78 वर्षांची. दोन्ही गुडघे गेलेले, शुगर पंधरा वर्षांपासूनची. आणि आमच्या शहराचं पाणी तर तुम्हाला ठाऊक असेल. पैठणला जायकवाडीचं एवढं मोठं धरण, ते काठोकाठ भरल्याचे फोटो दरवर्षी व्हॉट्सअॅपवर फिरतात, आणि आमच्या नळाला पाणी येतं आठ-आठ दिवसांनी. ज्या बाईने आयुष्यभर तांब्या-तांब्याचा हिशेब ठेवला तिला ‘भरपूर पाणी प्या’ असं सांगून काय होणार? शिवाय भरपूर पाणी म्हणजे भरपूर वेळा त्या दोन पायऱ्या. आजीने यावर आपला तोडगा काढला होता. दुपारी चारनंतर ती पाणीच प्यायची नाही. रात्री उठायला नको, कुणाला उठवायला नको. हे आम्हाला फार उशिरा कळलं, कारण पाणी न पिणारं माणूस कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

डॉक्टरकडे जायची तिची तयारी नसायची. “त्या पोराला मी काय सांगू?” म्हणायची. तो ‘पोरगा’ पन्नाशीचा आमचा फॅमिली डॉक्टर. एकदाच, एका दिवाळीच्या आधी, ती गेली. तिथेही बोलले मीच, ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसली. डॉक्टरांनी नॉरफ्लॉक्सासिन लिहून दिलं, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. तिसऱ्या दिवशी जळजळ थांबली. आजीने उरलेल्या चार गोळ्या बिस्किटांच्या जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकल्या. त्या डब्यात आमच्या घरातल्या सगळ्या अर्धवट आजारांचा इतिहास आहे: कुणाच्या दातदुखीच्या दोन गोळ्या, कुणाच्या जुलाबाच्या तीन, नाव फाटून गेलेल्या पट्ट्या. औषध फेकायचं नसतं. पैसे पडलेत त्याला.

संक्रांतीच्या सुमारास पुन्हा उन्हाळी लागली तेव्हा त्या चार गोळ्या कामी आल्या. आम्हा दोघींना केवढं समाधान! डॉक्टर नाही, बाबांना सांगणं नाही, पैसे नाहीत.

त्याच्या पुढच्या वेळी डब्यात काही नव्हतं. मी रिकाम्या पट्टीचा फोटो काढून कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या दादाला पाठवला. तिने दोन दिवसांत फरक पडला नाही. मग मी स्वतः गेले. तो म्हणाला, “मग ही न्या, जरा हाय पॉवरची आहे.” सेफिक्झिम 200. मी पाच गोळ्या मागितल्या, त्याने कात्रीने पट्टी कापून दिली, मी स्कॅन करून पैसे दिले आणि घरी आले. मला त्या दिवशी स्वतःचं कौतुक वाटलं होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. आजीची लाज राखली, तिचा जाळ थांबवला, आणि मीटिंगही बुडाली नाही.

नंतर कधीतरी मी यूपीआयची हिस्ट्री उघडून मोजलं. चौदा महिन्यांत पाच वेळा.

त्या वर्षी मार्चमधली गोष्ट. रात्री अडीच वाजता बादलीचा आवाज आला. बघते तर आजी चौकात उभी, हातात बादली, आणि मोठ्याने म्हणतेय, “नळ आलाय, उठा की सगळे! झोपलेत काय, पाणी जाईल!” नळ आला नव्हता. आमचा नळाचा दिवस चार दिवसांवर होता. मी जवळ गेले तर तिने मला आत्याच्या नावाने हाक मारली आणि दुसरी बादली आण म्हणाली. अंग गरम नव्हतं. पोटात दुखत नव्हतं. आईला वाटलं, झोपेत आहे. बाबांना वाटलं, आता विसरायला होणार, वयच झालंय. मी तिला पलंगावर आणून बसवलं. चादर ओली होती.

सकाळी हुडहुडी भरली. दात वाजत होते. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत बीपी खाली गेलेलं.

म्हातारपणी लघवीच्या संसर्गाचं हेच आहे, हे मला तिथल्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. तरुण बाईला जळजळ होते, ती ओरडते. म्हाताऱ्या माणसाला कधी ताप येत नाही, कधी जळजळही होत नाही, एकदम भान सुटतं किंवा माणूस पडतं. उलट्या बाजूनेही चूक होते. वयस्कर माणूस जरा बरळलं की लोक लघवीत जंतू शोधतात, आणि ते सापडतातच. या दुसऱ्या भागाचा अर्थ मला तेव्हा कळला नाही, पुढे कळला.

अॅडमिट करताना डॉक्टरांनी विचारलं, “मागच्या वर्षभरात कोणती अँटिबायोटिक्स झालीत?”

बाबा म्हणाले, “काहीच नाही. दीड वर्षापूर्वी एकदा झालं होतं काहीतरी, तेवढंच.”

आजी शुद्धीवर नव्हती. आई फाईल शोधत होती. मी फोन हातात धरून उभी होते. साधारण पाच सेकंद असतील, पण त्या पाच सेकंदांत मी खोटं बोलायचा पूर्ण विचार करून झाला होता. मग मी हिस्ट्री उघडली आणि तारखा वाचून दाखवल्या. नॉरफ्लॉक्सासिन कधी, सेफिक्झिम कधी, किती गोळ्या. बाबा माझ्याकडे बघत राहिले. ते काही बोलले नाहीत. आजपर्यंत बोललेले नाहीत, आणि त्याचंच ओझं जास्त आहे.

डॉक्टर मात्र रागावले नाहीत. त्यांनी माझं ऐकता ऐकता आधी लिहिलेल्या इंजेक्शनवर काट मारली. ते सेफिक्झिमच्याच घराण्यातलं होतं. “हे चालायचं नाही बहुतेक,” असं स्वतःशीच म्हणाले आणि मेरोपेनेम लिहिलं. लघवीचा आणि रक्ताचा नमुना कल्चरला गेला. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागतात, आणि बीपी खाली गेलेल्या माणसाकडे दोन दिवस नसतात. त्यामुळे पहिलं औषध अंदाजाने द्यावं लागतं. तो अंदाज माझ्या यूपीआयच्या हिस्ट्रीवर बांधला गेला.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला. वर शहराचं नाव छत्रपती संभाजीनगर, खाली आजीचं नाव. (आजी अजून औरंगाबादच म्हणते. तिचा कुठल्याही बाजूने आग्रह नाही, तोंडात बसलंय एवढंच.) जंतू: ई. कोलाय, मिलिलीटरला एक लाखाहून जास्त. शेजारी ‘ईएसबीएल’. खाली औषधांची यादी आणि प्रत्येकासमोर एक अक्षर. अॅम्पिसिलिन आर. नॉरफ्लॉक्सासिन आर. सिप्रोफ्लॉक्सासिन आर. सेफिक्झिम आर. सेफ्ट्रायअॅक्झोन आर. कोट्रायमोक्झॅझोल आर. मग तळाला चार एस: अॅमिकॅसिन, नायट्रोफ्युरॅन्टॉइन, फॉस्फोमायसिन, मेरोपेनेम. आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू दाद देत नाही. एस म्हणजे सेन्सिटिव्ह, देतो.

चार उरलेत म्हणजे बरेच आहेत, असं मला वाटलं. डॉक्टरांनी एकेक खोडून दाखवलं. नायट्रोफ्युरॅन्टॉइन जुनी, 1950च्या दशकापासूनची गोळी, मूत्राशयात छान काम करते, पण रक्तात आणि किडनीच्या पेशींत पुरेशी पोचत नाही. आजीचा संसर्ग वर चढून रक्तात उतरला होता. फॉस्फोमायसिनच्या पुडीचंही तेच. अॅमिकॅसिन किडनीला आणि कानाला त्रास देऊ शकतं, आणि तिचं क्रिएटिनिन आधीच वाढलेलं. उरलं एक.

आजीला बरं वाटायला लागल्यावर, चौथ्या-पाचव्या दिवशी, मी त्या लॅबमध्ये गेले. रिपोर्टवर सही होती त्या मॅडमना भेटायचं होतं. नक्की काय विचारायचं होतं ते मलाही माहीत नव्हतं. मॅडम घाटीत शिकलेल्या, साठीच्या जवळ आलेल्या. त्यांनी मला बाहेरच्या काचेतून दोन बशा दाखवल्या. काचेची नाही, प्लॅस्टिकची झाकणवाली छोटी बशी, त्यात जेलीसारखं काहीतरी, आणि त्यावर जंतूंचा एकसारखा पांढुरका थर वाढलेला. त्या थरावर कागदाच्या बारीक टिकल्या ठेवलेल्या. प्रत्येक टिकलीत एक औषध. औषध चालत असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत, स्वच्छ गोल कडं पडतं. ते कडं पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. पहिल्या बशीत सहाही टिकल्यांभोवती कडी होती. दुसऱ्या बशीत थर टिकल्यांना जाऊन भिडला होता. नुसत्या टिकल्या, कोऱ्या कपाळासारखा थर, आणि कोपऱ्यात एकच गोल.

“ही तुमच्या आजीची नाही,” मॅडम म्हणाल्या. “आजच्याच दिवसातली आहे. रोज येतात.”

मी त्यांना विचारलं, की कोर्स अर्धवट सोडला म्हणून हे झालं का. त्यांचं उत्तर माझ्या अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचं होतं. हे जंतू बाहेरून येत नाहीत, आपल्याच आतड्यातले असतात. तिथे कोट्यवधी ई. कोलाय सुखाने राहतात. तुम्ही उन्हाळीसाठी गोळी घेतली तरी ती आतड्यातूनही जाते, आणि तिथले साधे जंतू मारून टाकते. ज्या थोड्यांना ते औषध पचवायची युक्ती माहीत असते ते उरतात आणि मोकळ्या रानात वाढतात. अनुकूल परिस्थितीत एकाचे दोन व्हायला त्यांना वीसेक मिनिटं पुरतात. शिवाय ती युक्ती डीएनएच्या एका छोट्या गोल तुकड्यावर लिहिलेली असते, आणि हा तुकडा एक जंतू दुसऱ्याला देऊ शकतो. “कोर्स पूर्ण करा हे ठीकच आहे,” त्या म्हणाल्या, “पण मुळात जी गोळी लागत नव्हती ती पूर्ण घेतली तरी नुकसान तेच. तुम्ही पाच वेळा तिच्या पोटात निवडणूक घेतलीत.”

घरी येऊन मी डबा उघडला. सेफिक्झिमच्या रिकाम्या पट्टीच्या मागच्या बाजूला डावीकडे एक उभी लाल रेघ होती. ती मी पाच वेळा पाहिलेली. मला ती डिझाइन वाटायची. डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे औषध देऊ-घेऊ नये असा तिचा अर्थ. सेफिक्झिम तर शेड्यूल एच-वनमध्ये येतं. 1 मार्च 2014 पासून लागू झालेल्या त्या नियमानुसार दुकानदाराने रुग्णाचं नाव, डॉक्टरचं नाव आणि किती गोळ्या दिल्या हे वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं आणि ते तीन वर्षं जपायचं. नियम चांगला आहे. माझ्या पाच खरेद्यांपैकी एकही कुठल्या रजिस्टरमध्ये असेल असं मला वाटत नाही. तो दादा काही खलनायक नाही. कोरोनात त्याने रात्री बारा वाजता घरी औषधं आणून दिली होती. मी मागितलं, त्याने दिलं.

पेनिसिलिन शोधणाऱ्या अलेक्झांडर फ्लेमिंगने डिसेंबर 1945 मध्ये नोबेल स्वीकारताना केलेल्या भाषणात एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका माणसाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून घेतो, जंतू मरणार नाहीत पण शिकतील इतपतच. मग त्याच्यापासून बायकोला संसर्ग होतो, तिला न्यूमोनिया होतो, पेनिसिलिन चालत नाही, ती जाते. तिच्या मृत्यूला जबाबदार कोण, असा प्रश्न फ्लेमिंगने विचारला आणि उत्तरही दिलं: नवरा. हे मी दवाखान्याच्या पॅसेजमध्ये बसून फोनवर वाचलं, तेव्हा आत आजीला सकाळचं इंजेक्शन चालू होतं. बाहेर एका स्टुलावर मी. मला पुढे वाचवलं नाही, मी कॅण्टीनला जाऊन चहा घेतला.

मेरोपेनेमसुद्धा न चालणारे जंतू आहेत, आणि त्यातल्या सगळ्यात बदनाम प्रकाराची सुरुवातही लघवीच्याच नमुन्यातून झाली. दिल्लीत दवाखान्यात राहून गेलेला भारतीय वंशाचा एक स्वीडिश रुग्ण, 2008 साल. स्वीडनमध्ये त्याच्या लघवीतून निघालेल्या जंतूत एक नवं विकर सापडलं, मेरोपेनेमच्या घराण्यालाच मोडून टाकणारं. त्याला नाव दिलं गेलं एनडीएम-वन, त्यातलं एनडी म्हणजे न्यू दिल्ली. 2010 मध्ये आपल्याकडे त्या नावावरून बराच गदारोळ झाला. आपली बदनामी झाली म्हणून आपण चिडलो. जंतूबद्दल त्या मानाने कमी चिडलो असं आता वाटतं.

आणि या सगळ्यात एक गोष्ट अशी, की ती कळल्यावर मला हसावं की रडावं कळेना. माझी मावशी चिकलठाण्याच्या पुढे राहते. जालना रोडने तिच्याकडे जाताना एमआयडीसी लागते. तिथे वोक्हार्टचं संशोधन केंद्र आहे. शहरातल्या निम्म्या लोकांना ‘औषधाची कंपनी’ एवढंच माहीत असतं, मलाही तेवढंच होतं. त्या केंद्रात झिडेबॅक्टम नावाचा रेणू शोधला गेला. सेफेपाइम या जुन्या औषधाला तो जोडीला दिला की दाद न देणारे जंतूही मरतात. आणि त्याची मोठी चाचणी कशावर झाली? लघवीच्या गुंतागुंतीच्या संसर्गावर. वेगवेगळ्या देशांतले पाचशेहून जास्त रुग्ण, आणि तुलना मेरोपेनेमशी. आपलं औषध त्याहून वरचढ ठरल्याचं कंपनीने 2025 मध्ये जाहीर केलं. म्हणजे आमच्या घरापासून स्कूटीवर अर्ध्या तासाच्या अंतरावर काही माणसं वर्षानुवर्षं नेमक्या त्या जंतूशी झगडत होती, जो मी गुलमंडीच्या कोपऱ्यावरून पाच-पाच गोळ्या नेऊन घरी वाढवत होते.

नवं औषध आलं की सुटलो, असंही नाही. मेरोपेनेमच्या घराण्यातलं पहिलं औषध, इमिपेनेम, 1985 च्या सुमारास बाजारात आलं. एनडीएम-वन 2008 मध्ये सापडलं. तेवीस वर्षं.

आजी आठव्या दिवशी घरी आली. पहिलं वाक्य: “नळ येऊन गेला का?”

बाबांनी पंधरा दिवसांत तिच्या खोलीला लागून कमोड बसवून घेतला, भिंतीला धरायला स्टीलचा दांडा. हे काम आम्ही चार वर्षं ‘करू करू’ म्हणत होतो. त्याला जेवढा खर्च आला त्याहून दवाखान्याचं बिल किती मोठं होतं ते सांगत नाही. मी तिला स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमकडे नेलं. त्यांनी तपासून लावायचं क्रीम दिलं. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होतं, खालची त्वचा कोरडी पडते, चांगले जंतू कमी होतात आणि वाईटांना वाट मिळते, ती वाट या क्रीमने थोडी बंद होते. आजीला ते इतकं विनोदी वाटलं की ती रिक्षात येईपर्यंत पदर तोंडाला लावून हसत होती. “या वयात कसलं क्रीम गं!” पण लावते.

पाण्याचं अवघड गेलं. शेवटी मी तिच्या पितळी तांब्यावरच हिशेब ठरवला: दिवसभरात तीन तांबे, शेवटचा संध्याकाळी सहाच्या आत. हिशेबाची भाषा तिला पटते.

खरी परीक्षा जूनमध्ये झाली. शुगरच्या नेहमीच्या तपासणीत कुणीतरी लघवीचीही तपासणी लावली आणि तिच्यात पुन्हा जंतू निघाले. पस सेल्स वाढलेले, ई. कोलाय लाखाच्या वर. आजीला काहीही होत नव्हतं. जळजळ नाही, ताप नाही, भान उत्तम, माझ्या लग्नावरून रोज एक टोमणा. डॉक्टर म्हणाले, काही द्यायचं नाही. वयस्कर बायकांत, त्यातून शुगर असलेल्यांत, लघवीत जंतू नुसते राहत असतात. त्रास नसेल तर ते आजार नाहीत, पाहुणे आहेत. मारायला गेलात तर त्यांच्या जागी याहून वाईट येतील. ‘ते सापडतातच’ याचा अर्थ हा होता.

ऐकायला सोपं आहे. पण तो कागद घरात आला आणि आत्याचा नाशिकहून फोन आला. “रिपोर्टमध्ये एवढं लाल अक्षरात आलंय आणि तुम्ही काहीच देईनात? मागच्या वेळी मरता मरता वाचली ती!” मी पहिल्यांदा तिला समजावलं, दुसऱ्यांदा चिडले, तिसऱ्यांदा बाबांकडे फोन दिला. बाबा म्हणाले, “हिने वाचलंय सगळं. हिला माहितीये.” मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. त्या रात्री मी तीनदा उठून आजीच्या कपाळाला हात लावून आले. गोळी देणं किती सोपं होतं! दिली की आपण काहीतरी केलं असं वाटायचं. काही न देता जागं राहणं मला कुणी शिकवलं नव्हतं.

तिला काही झालं नाही. जंतू असतील अजून, आम्ही बघितलं नाही.

काल संध्याकाळी मी मीटिंगमध्ये होते. आजी दारात आली, कानाकडे खूण केली.

“लागलीय,” म्हणाली. “सकाळपासून.”

मी ताप मोजला, नव्हता. पाठीत, कुशीत दाबून पाहिलं, दुखत नव्हतं. आज वार कोणता विचारलं, तर तिने वार सांगून वर नळ परवा येणार हेही सांगितलं. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, आधी नमुना, मग औषध, हाच क्रम. मी आजीला निर्जंतुक बाटली दिली आणि सुरुवातीची धार सोडून मधली कशी घ्यायची ते पुन्हा सांगितलं. “माहितीये मला,” ती म्हणाली, “तूच विसरशील.” बाटली रुमालात गुंडाळून, स्कूटीच्या डिकीत न टाकता हातात धरून, बाबांच्या मागे बसून मी लॅबपर्यंत गेले. बाबांनी काय आहे विचारलं नाही, पण खड्डे चुकवत होते.

रात्री झोपताना डॉक्टरांनी लिहून दिलेली फॉस्फोमायसिनची पुडी अर्ध्या ग्लास पाण्यात विरघळवून आजीला दिली. ही चिठ्ठीवर आणली, एकच पुडी, उरायला काही नाही. तिने एका दमात प्यायली, जीभ फिरवली.

“सरबत आहे की गं हे. गोड आहे.”

“औषध आहे आजी.”

“असू दे. उद्या आहे का अजून?”

नाही म्हटल्यावर तिचं तोंड उतरलं. रिपोर्ट परवा येणार आहे.